सहा ड्यूट्या आणि एक बुलेटिन: खानदेशातल्या एका वृत्तनिवेदिकेचं प्रकरण

माझ्याकडे निवेदन शिकायला येणाऱ्या बहुतेक मुला-मुलींची एकच तक्रार असते, ‘माझे उच्चार गावठी आहेत.’ या प्रकरणातली मुलगीही तेच म्हणत आली होती. तिचं नाव देत नाही, गावही तालुक्यापुरतंच सांगते: अमळनेर तालुका, तापीच्या अंगाला. घरी अहिराणी. वडिलांचा कापूस, विहिरीला पाणी असलं तर थोडा गहू-हरभरा. प्रताप कॉलेजात मराठी घेऊन बी.ए., मग जळगावला विद्यापीठात मास कम्युनिकेशनचं एम.ए. पुढे आकाशवाणी जळगावची स्वरचाचणी ती पास झाली आणि नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरतं बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांच्या यादीत तिचं नाव लागलं.

माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात तीन गोष्टी होत्या. आकाशवाणीच्या महिन्याला सहा ड्यूट्या, लग्नं-सत्कार-स्नेहसंमेलनांचं सूत्रसंचालन, आणि मुंबईच्या एका मराठी न्यूज चॅनेलकडून आलेला स्क्रीन टेस्टचा निरोप. जायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. विचारलं मात्र वेगळंच: “ताई, माझा ळ सुधरेल का?”

या व्यवसायात खानदेशातलं माणूस कुठे अडतं, हे तिच्या प्रकरणात जसं उघडं पडलं तसं एरवी दिसत नाही. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

ळ, ण आणि भीती

उच्चारांचं आधी सांगते, कारण सगळ्यांनी दुखणं तिथेच धरलं होतं. कॉलेजातल्या सरांनी, स्पर्धेच्या परीक्षकांनी, तिच्या मोठ्या भावानंसुद्धा.

अहिराणीत आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, भुसावळ म्हणजे भुसावय, जळगावचं जयगाव. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. विहिरीची इहीर होते. शिकलेली मुलं हे शाळेतच मागे टाकतात, पण भरभर बोलताना किंवा चिडल्यावर ते परत डोकं वर काढतं. वाक्याच्या शेवटी येणारा हेल तर लवकर जातच नाही.

तिचं मी आधी ध्वनिमुद्रण करून घेतलं. पेपरातल्या चार बातम्या, न बघता उचललेल्या. ऐकताना गंमत लक्षात आली. तिचा ‘ळ’ ठीक होता. घोटाळा उलट्या बाजूनं होता. ‘न’ म्हणायला ती इतकी घाबरायची की जिथे ‘न’च हवा तिथेही ‘ण’ लावायची. जनतेची ‘जणता’, धनाचं ‘धण’. कुणीतरी लहानपणी वर्गात हसलं असणार, त्या हसण्याचा हा बंदोबस्त होता. अशा मुलांना आणखी ‘शुद्ध बोल’ म्हणून सांगितलं की दुखणं वाढतं.

उपाय फार मोठा नव्हता. खानदेशातल्या गावांची नावं हाच सरावाचा उत्तम तक्ता आहे: अमळनेर, पारोळा, भुसावळ, तळोदा, चाळीसगाव यांत ळ, यावल, एरंडोल, रावेर यांत नाही. भडगाव, धरणगाव, बोदवड, अक्कलकुवा, दोंडाईचा, धडगाव. ही नावं मोबाइलवर रेकॉर्ड करायची, दुसऱ्या दिवशी ऐकायची, मग त्याच नावांची बातमी करून वाचायची. तीन-चार महिन्यांत ‘जणता’ गेली. हेल बराचसा गेला, थोडा राहिला. तो राहू द्या असं मी म्हटलं, कारण त्यानं अर्थ बिघडत नव्हता, आणि आवाजाला स्वतःचं काहीतरी असावं लागतं.

उच्चार हा प्रश्न एवढाच. तो सुटतो. त्यामागे मूळ प्रश्न झाकला जातो ही खरी अडचण.

बातमी वाचायची खुर्ची कुठे आहे?

एम.ए. होईपर्यंत या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं की ती जिथे राहते तिथे बातमी वाचायची खुर्ची जवळजवळ नाहीच. मी एकदा वहीच्या पानावर तिला हे मांडून दाखवलं.

आकाशवाणी जळगाव १९७६ पासून आहे. तिथून बातम्या लागतात, पण त्या सहक्षेपित, म्हणजे दुसऱ्या केंद्रावरून घेतलेल्या. महाराष्ट्रातले आकाशवाणीचे प्रादेशिक वृत्तविभाग मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. जळगावच्या स्टुडिओत बसलेली उद्घोषक वेळ सांगते, पुढच्या कार्यक्रमाची ओळख करून देते, गाणी लावते, फोन-इन घेते, आणि बातम्यांच्या वेळेला फेडर (आवाजाची पट्टी) वर करून दुसऱ्या गावचा आवाज आत घेते. जिल्ह्यात आकाशवाणीचा अंशकालीन वार्ताहर असतो. तो बातमी पाठवतो, वाचत नाही.

मग खाजगी एफएम. जळगावात, धुळ्यात ती आहेत, आरजेंना (रेडिओ जॉकींना) ओळखणारी पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतात. पण आपल्या देशात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा दिली, आणि हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-वीजपुरवठ्याच्या सूचना हे ‘बातमी’च्या बाहेर ठेवलं. म्हणजे आरजे सांगू शकतो की उद्या शहरात पाणी येणार नाही. का येणार नाही आणि त्यावरून सभेत काय झालं, हे सांगू लागला की नियम आडवा येतो. कम्युनिटी रेडिओचीही तीच कथा. हा नियम मला कालबाह्य वाटतो. ज्या गावात यूट्यूबवर कुणीही माइकला आयडी लावून ‘चॅनेल’ काढतो, तिथे परवाना घेऊन, फी भरून बसलेल्या केंद्रानं तेवढं बोलायचं नाही, याला काय म्हणावं?

राहता राहिले केबलवरच्या स्थानिक बातम्या आणि हीच यूट्यूब चॅनेलं. तिथे खुर्ची मिळते, पण पुष्कळदा तीच मुलगी बातमी वाचते, संध्याकाळी जाहिरात मागायला जाते आणि ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी पहिल्या बातमीत घेते. ती चार महिने असं काम करून आली होती. तिथे परत जायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

आकाशवाणीतल्या सहा ड्यूट्यांचंही समजून घ्यायला हवं. नैमित्तिक माणसाला महिन्याला साधारण एवढ्याच ड्यूट्या मिळतात, कारण जास्त दिल्या तर तो कायम नोकरीवर हक्क सांगेल ही यंत्रणेला धास्ती. या सहा दिवसांचं मानधन घरखर्चाला पुरत नाही. पुरावं अशी ती योजनाच नाही. तिच्या वर्गातली मुलं ‘आकाशवाणीत लागली’ असं सांगत सुटली होती. लागणं आणि यादीत असणं यांतला फरक घरच्यांना समजावताना तिची जी दमछाक झाली ती मी पाहिली आहे.

जुनी उदाहरणं जरा नीट पाहिली तर

खानदेशात हा विषय निघाला की स्मिता पाटीलचं नाव निघतंच. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, त्यामुळे ती आपली. खरंच आहे. पण स्मिता वाढली पुण्यात, आणि बातम्या वाचल्या त्या मुंबई दूरदर्शनवर, २ ऑक्टोबर १९७२ ला केंद्र सुरू झालं त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती बातम्यांमध्ये फार काळ थांबली नाही, ही पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी तिला तिथेच हेरलं आणि ती सिनेमात गेली.

तिच्याबरोबरच्या आणि नंतरच्या नावांकडे पाहा. भक्ती बर्वे नाटकातल्या. अनंत भावे मराठीचे प्राध्यापक, मुलांसाठी लिहिणारे. प्रदीप भिडे १९७४ पासून चार दशकं दूरदर्शनवर दिसले, २०२२ मध्ये गेले. जाहिरातींचा आवाज, माहितीपटांचं निवेदन, समारंभांचं सूत्रसंचालन हे त्यांचं सगळं बातम्यांच्या जोडीनं चालू होतं. म्हणजे ज्यांना आपण वृत्तनिवेदक म्हणून ओळखतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पोट निव्वळ बातम्या वाचण्यावर कधी नव्हतं. बातमी वाचणं ही त्यांची ओळख होती, चूल दुसऱ्या कशावर तरी पेटत होती.

२००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. त्यानंतर ‘अँकर’ ही पूर्ण वेळची पगारी नोकरी झाली, खेड्यातल्या मुलींनी ती पडद्यावर पाहिली आणि हेच करिअर असं मनात धरलं. त्यात चूक नाही. फक्त त्या नोकरीत वाचण्याचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे पडद्यावर दिसत नाही.

माझं तिला सांगणं एवढंच होतं: जा, पण दुसरा पाय कुठला ते ठरवून जा. तिला ते तेव्हा पटलं नाही. “तुम्ही रेडिओवाले सगळे असंच बोलतात,” असं म्हणून ती हसली होती.

मुंबईतलं वर्ष

वडील नाराज होते. “तठे एकली कशी राही ती?” हा त्यांचा एकच प्रश्न. आईचा प्रश्न जास्त मार्मिक होता. जळगाव केंद्रावर लेकीची ड्यूटी असली की ती घरात रेडिओ लावायची आणि कुरकुरायची, “तुनं नाव काबर नही सांगतस?” (तुझं नाव का नाही सांगत?) बातम्या देणाऱ्याचं नाव सांगतात, गाणी लावणाऱ्याचं दरवेळी सांगत नाहीत, हे तिनं बरोबर पकडलं होतं. पुणे केंद्राच्या बातम्या ज्यांनी ऐकल्या त्यांना सुधा नरवणे हे नाव आवाजासकट आठवतं, ते याचमुळे. टीव्हीवर नाव खाली पट्टीवर येतं म्हटल्यावर आईची परवानगी मिळाली.

स्क्रीन टेस्ट झाली, वर्षाच्या कराराची नोकरी मिळाली. पहाटे पाचच्या बुलेटिनसाठी रात्री तीनला न्यायला गाडी. चार मुलींमध्ये एक खोली, लोकलच्या शेवटच्या टोकाकडे. तिच्या रंगावरून मेकअप रूममध्ये एकदोनदा बोलणं झालं. ते लिहिण्यासारखं नाही, पण नोंद म्हणून असू दे.

पहिल्या महिन्यात शेरा मिळाला, ‘रेडिओ छाप वाचते.’ तिला वाटलं पुन्हा उच्चार. फोनवर रडली. मी बुलेटिनची क्लिप मागवली आणि दोनदा पाहिली. उच्चार स्वच्छ होते. गडबड टेलिप्रॉम्प्टरची, म्हणजे कॅमेऱ्यासमोर मजकूर सरकवत दाखवणाऱ्या पडद्याची होती.

रेडिओचा माणूस कागदावरून वाचतो. कागदावर वाक्य पूर्ण दिसतं. नजर तोंडाच्या पुढे चार शब्द असते, वाक्य कुठे संपणार ते आधी कळतं, त्या हिशेबानं श्वास घेतला जातो आणि आवाज खाली येतो. प्रॉम्प्टरवर एका ओळीत चार-पाच शब्द, खालची ओळ सरकत येणारी, आणि सरकवणारा माणूस दुसराच. वाक्य कुठे संपतंय ते दिसतच नाही. म्हणून ती प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज थोडा खाली आणत होती, म्हणजे एका वाक्यात तीनदा पूर्णविराम. ऐकणाऱ्याला ते पोथी वाचल्यासारखं वाटत होतं.

यावर तिनं स्वतःच तोड काढली. बुलेटिनच्या आधी रनडाउन (बातम्यांचा क्रमवार मजकूर) छापून घ्यायचं, पेन्सिलनं एक रेघ छोट्या विरामाला, दोन रेघा वाक्याच्या शेवटाला, आकडे अक्षरी, अनोळखी नावांना गोल. एकदा मोठ्यानं वाचायचं. जळगावच्या स्टुडिओत ती हेच करायची; तिथे फक्त पानं टाचायची नाहीत आणि उलटायची नाहीत, बाजूला सरकवायची, म्हणजे माइकवर खसखस येत नाही. आणि प्रॉम्प्टर चालवणाऱ्या पोराशी ओळख केली. तो धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचा निघाला. दोघं अहिराणीत बोलायला लागल्यावर प्रॉम्प्टरची चाल तिच्या श्वासाला जुळली.

दुसरी एक गोष्ट आम्हा दोघींच्याही ध्यानात नव्हती, ती तिच्या उपयोगी पडली. ब्रेकिंग न्यूज आली की स्क्रिप्ट नसतं. कानात पीसीआरमधून (नियंत्रण कक्षातून) कुणी ओरडत असतं, रिपोर्टरचा फोनो, म्हणजे थेट फोन, लागत नसतो, आणि अँकरनं तेच तीन मुद्दे फिरवून फिरवून पंधरा मिनिटं हवेत बोलायचं असतं. मोठ्या शहरातून शिकून आलेली मुलं तिथे अडखळायची. हिला सवय होती. आपल्याकडे गावच्या कार्यक्रमात आमदार साहेब दोन तास उशिरा येतात, आणि ते येईपर्यंत सूत्रसंचालकानं माइक सोडायचा नसतो. शाल-श्रीफळाची यादी तीनदा वाचायची, गावाचा इतिहास सांगायचा, पाहुण्यांना पुन्हा बसायची विनंती करायची. लग्न-सत्कारांतलं सूत्रसंचालन म्हणजे कमी दर्जाचं काम, असं आमच्यातले काहीजण मानतात. त्यांनी एकदा लाइव्ह बुलेटिन भरून दाखवावं.

हतनूरची रात्र

या प्रकरणाला वळण मिळालं ते पावसाळ्यात. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात विदर्भात पाऊस झाला की तापी-पूर्णा फुगतात आणि भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. धरणाला ४१ दरवाजे. जळगावच्या माणसाला हा आकडा शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ, कारण दर पावसाळ्यात त्याचीच बातमी असते.

त्या रात्री तिच्यासमोर प्रॉम्प्टरवर आलं की हतनूरचे सगळे ४१ दरवाजे पूर्ण उघडले असून सुमारे तीन हजार क्युसेकनं विसर्ग सुरू आहे. वाचता वाचता तिला ते खटकलं. सगळे दरवाजे पूर्ण उघडे आणि पाणी फक्त तीन हजार क्युसेक? धरणावरून येणाऱ्या निरोपात पुष्कळदा क्युमेक असतं, म्हणजे सेकंदाला इतके घनमीटर. क्युसेक म्हणजे घनफूट. एक क्युमेक म्हणजे सव्वापस्तीस क्युसेकच्या आसपास. तीन हजार क्युमेक म्हणजे लाखाच्या वर क्युसेक. डेस्कवर, म्हणजे जिथे बातम्यांचा मजकूर तयार होतो तिथे, कुणीतरी परिचयाचा शब्द म्हणून ‘क्युसेक’ केलं असणार.

थांबून विचारायला वेळ नव्हता. तिनं आकडा गाळला. “हतनूरचे सर्व ४१ दरवाजे पूर्ण उघडले आहेत, मोठा विसर्ग सुरू आहे, तापीकाठच्या गावांनी नदीपात्रात उतरू नये,” एवढं बोलून पुढच्या बातमीवर गेली. कानात आवाज आला, आकडा का सोडला? ब्रेकमध्ये तिनं सांगितलं. आधी वाद झाला, मग कुणीतरी जळगावला फोन लावला. आकडा क्युमेकचाच होता. पुढच्या बुलेटिनला दुरुस्त झाला.

आता याचं फळ काय मिळालं? आउटपुट एडिटरनं (प्रसारणाच्या संपादकानं) शाबासकी दिली आणि पंधरवड्यात तिला अर्धा वेळ डेस्कवर बसवलं, उत्तर महाराष्ट्राची कॉपी, म्हणजे बातम्यांचा मजकूर, तपासायला. पडद्यावरची तिची बुलेटिनं निम्मी झाली. तिला ती शिक्षा वाटली. आईला तर नक्कीच वाटली, कारण पट्टीवरचं नाव कमी दिसायला लागलं. माझ्या मते त्या चॅनेलनं तिच्याशी केलेला तो सर्वात चांगला व्यवहार होता, आणि तो त्यांनीही बहुधा ठरवून केला नव्हता, माणसं कमी होती म्हणून केला. पण दुसरा पाय कुठला, याचं उत्तर तिला तिथे मिळालं.

कॉपी

डेस्कवर तिनं काय केलं त्याचं एक उदाहरण देते, कारण या कामाबद्दल बोलताना सगळे ‘भाषा सोपी असावी’ म्हणून मोकळे होतात. कार्यालयाकडून प्रेसनोट यायची ती अशी:

‘जिल्ह्यातील अवकाळी पावसामुळे बाधित झालेल्या केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे तातडीने पूर्ण करण्याचे निर्देश पालकमंत्र्यांनी आज संबंधित यंत्रणेला दिले.’

तिनं केलं ते असं:

‘अवकाळी पावसानं जिल्ह्यात केळीचं मोठं नुकसान झालं आहे. पंचनामे लगेच पूर्ण करा, असं पालकमंत्र्यांनी आज अधिकाऱ्यांना सांगितलं.’

पहिल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, कोण बोललं ते त्याच्या जरा आधी, आणि तिथे पोचेपर्यंत वाचणाऱ्याचा श्वास संपलेला असतो. ऐकणारी बाई भाकरी थापत असते. ‘निर्देश’पर्यंत येताना ‘बाधित’ कोण ते ती विसरलेली असते. दुसऱ्यात श्वासाला जागा आहे, आणि झालं काय ते आधी कळतं. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द या गतीनं वाचायचं तर पाच मिनिटांच्या बुलेटिनमध्ये पाचशे-सहाशे शब्द बसतात. त्यात किती ‘संबंधित’ आणि ‘सदर’ घालायचे ते आपण ठरवायचं.

असं लिहिता येणं हीच तिची पुढची परीक्षा ठरली. वर्ष संपल्यावर चॅनेलनं करार वाढवला नाही. खर्चकपात, दुसरं कारण दिलं नाही. ती घरी आली तेव्हा गावात जे बोलायचं ते लोक बोलले. त्याच सुमाराला आकाशवाणीच्या एका प्रादेशिक वृत्तविभागाच्या पॅनेलसाठी अर्ज निघाले होते. पदाचं नावच मुळी वृत्तनिवेदक-अनुवादक. नुसता आवाज तिथे चालत नाही. इंग्रजी मजकूर वेळ लावून मराठीत करायचा, चालू घडामोडींचे प्रश्न सोडवायचे, मग स्वरचाचणी आणि मुलाखत. तिच्याबरोबर बसलेल्यांत तिच्याहून भरदार आवाज होते. अनुवादाच्या पेपरात ते मागे पडले, असं तिनंच बाहेर आल्यावर सांगितलं. थोडी फुशारकी असेल त्यात, असू दे.

आत्ताची स्थिती

पॅनेलवर नाव लागलं. हेही कायम काम नाही, ड्यूट्या इथेही मोजून. सकाळच्या बुलेटिनला अंधारात हजर व्हावं लागतं. अमळनेरहून जळगाव, तिथून अजिंठ्याच्या घाटानं संभाजीनगर, असं रोज करणं शक्य नाही. म्हणून तिनं मावसबहिणीकडे सोय केली आणि ड्यूट्या शक्यतो सलग मागून घेते. उरलेल्या दिवसांत जळगावात शेतीविषयक व्हिडिओंना आवाज, कंपन्यांच्या माहितीपत्रकांचा अनुवाद, आणि अजूनही सूत्रसंचालन. लग्नसराईत सूत्रसंचालनाचा पैसा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त असतो, ही आमच्या धंद्यातली जुनी गंमत आहे.

माझ्याकडे शिकणारी मुलं हल्ली विचारतात की यंत्रच बातम्या वाचायला लागलं तर आम्ही कशाला? प्रश्न रास्त आहे. मे २०२४ मध्ये डीडी किसाननं एआय कृष आणि एआय भूमी असे दोन कृत्रिम निवेदक आणले, पन्नास भाषांत बोलणारे. तेही शेतकऱ्यांच्या वाहिनीवर, म्हणजे आमच्याच श्रोत्यांसाठी. नुसतं समोरचं वाचायचं काम असेल तर ते यंत्र दमत नाही, त्याला तीनची गाडी लागत नाही. पण हतनूरचा आकडा त्याच्यापुढे ‘तीन हजार क्युसेक’ म्हणून ठेवला असता तर त्यानं तो गोड आवाजात वाचला असता. हे मी त्या मुलांना सांगते. त्यांना ते अर्धंच पटतं. प्रत्येक बातमीत हतनूर नसतं असं ती म्हणतात, तेही खरं आहे.

अहिराणीचा विषय तिनं स्वतः काढला. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली, ज्यात अहिराणीही येते, अठरा लाखांवर लोक मोजले आहेत. यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोद धो धो चालतात. बातम्या मात्र हौसेखातर. तिनं पाच मिनिटांचं एक बुलेटिन करून मला पाठवलं, कापसाचा भाव, गिरणेच्या पाण्याचं आवर्तन, एसटीच्या बदललेल्या वेळा. चांगलं होतं, पण मला एक खटकलं: ती अहिराणीत बोलताना नकळत विनोदी सूर लावत होती, कारण आजवर माइकवर अहिराणी म्हटली की हसवायचं, एवढंच आम्ही केलेलं आहे. गंभीर बातमी अहिराणीत कशी वाचतात याचा नमुनाच कानावर नाही. तिला सांगितलं, मरणाची बातमी वाचून बघ. तिनं वाचली, ती पहिल्यापेक्षा बरी आली. पुढचं काम तिथे आहे, पैसे मात्र अजून नाहीत.

मागच्या महिन्यात मुंबईच्या दुसऱ्या एका चॅनेलचा फोन आला. काम डेस्कवरचं, पगार बरा, पडदा नाही. मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. तिनं उलट दोन अटी घातल्या: जळगावहून काम करू द्या, आणि आठवड्याला निदान एक बुलेटिन कॅमेऱ्यावर द्या. पहिली अट त्यांनी तोंडी मान्य केली आहे. दुसरीवर बोलणी चालू आहेत. तोवर आकाशवाणीच्या पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या तिनं घेऊन टाकल्या, आणि शिरपूरला एका लग्नाचं सूत्रसंचालनही.